चिंध्यांची नावं

गुंडेटी शेठ म्हणाले, "निंबा, रविवार आहे,
बाईंना जरा संस्कृती दाखव."
मी टॉवेलच्या कारखान्याचा ड्रायव्हर.
माझ्याकडची संस्कृती ठरलेली:
सिद्धेश्वराचं तळं, भुईकोट किल्ला,
दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी,
पाचच्या आत हॉटेल.

अफियावीबाई बेनिनच्या,
समुद्रकाठच्या विदा गावच्या.
सहाशे डझनांचा सौदा उरकून मोकळ्या.
तळ्याच्या पायरीवर त्यांनी बाटली उघडली,
पहिला घोट जमिनीला दिला,
मग स्वतः प्यायल्या.

बाप असाच प्यायचा.
पाणी असो की दुसरं काही,
आधी भुईला.
मी बोलून गेलो.
दोघांचंही इंग्रजी मोडकं,
त्यामुळे खोटं बोलायला जमलं नाही.

कारखान्यात कुणाला ठाऊक नाही
की मी पोतराजाचा पोर.
शाळेच्या फाटकाशी आसूड कडाडला होता
आणि अख्खा वर्ग खिडकीत गोळा झाला होता,
मी सोडून.
त्याच आषाढात बापाने जट कापली.

किल्ला राहिला. गाडी दहिटण्याकडे वळली.

म्हातारा बाजेवर बसला होता, डोक्यावर पांढरी खुरटी.
बाईंनी उंबऱ्याबाहेर बूट काढले,
कोनाड्यातल्या मरीआईच्या पेटीसमोर
कपाळ शेणाच्या भुईला टेकवलं.
बाप सरकून बसला. म्हणाला,
"हिला कुणी शिकवलं रे?"

नाच म्हणाल्या नाहीत. फोन बुटात ठेवलेला.
ट्रंक मात्र म्हाताऱ्यानेच ओढली,
डांबरगोळ्यांच्या वासातून घागरा वर आला,
शंभरेक चिंध्यांचा, झडलेल्या रंगांचा.
बाईंनी हात पाठीमागे बांधले.

"आमच्याकडे," त्या म्हणाल्या,
"मेलेली माणसं कापड पांघरून परत येतात.
अंगणात गरगरतात.
त्या कापडाला शिवायचं नसतं.
घरचे वरून नवा थर चढवतात,
जुना कधी काढत नाहीत."
मी सांगताना थराला पदर म्हणालो.
बापाने मान हलवली,
जणू शेजारच्या गावची बातमी.

मग त्यांनी विचारलं, "ह्या कुणाच्या?"
मी सांगणार होतो, चिंध्याच त्या, बाजारातल्या.
पण बाप बोट ठेवत निघाला.

"ही खणाची, पुतळाबाई कोष्टीण.
पोरीचा गोवर उतरला तेव्हा.
ही इरकलीचा काठ, विडीवाली राजव्वा.
ही चादरीची किनार, मिलच्या जॉबरने दिली,
बायकोला कळू न देता.
ही पिवळी. नाव नाही सांगितलं तिने,
रेल्वे लाइनीजवळची.
पोर वाचलं नाही तिचं.
तरी दिली."

खाकी पट्टीपाशी बोट थांबलं नाही,
पुढे गेलं.
ती मी ओळखली.
माझी शाळेची चड्डी.

"सोडलं का?" बाईंनी विचारलं.
"पोट भरत न्हवतं," बाप म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

"पाठ दुखते?"
"पाठ नाय. पावसाळ्यात मनगट."

खुंटीवरचा आसूड कुणी काढला नाही.
बिनदुधाचा चहा झाला.
तिघांनीही थोडा थोडा सांडला,
मी सर्वात शेवटी, कपाची कड वाकवून,
चुकून सांडल्यासारखा.

निघताना ट्रंक लावायला गेलो.
"ऱ्हाऊ दे," बाप म्हणाला,
"वारं लागू दे जरा."

अक्कलकोट रोडला दिवे लागलेले,
मागच्या सीटवर बाई डोळे मिटून,
ओठ हलताहेत, आवाज नाही,
बोटं एकेक मोजल्यासारखी मिटताहेत.
शेठचा फोन आला.
"काय काय दाखवलंस बे?"

"किल्ला," मी म्हणालो.