खुंटीवरचा अंगरखा

वडीलमंडळींच्या बैठकीत ठरलं,
पुस्तक बाईंनी वाचावं आणि सांगावं,
शब्बाथ शाळेच्या कपाटात ठेवायचं
की चुलीत घालायचं.
एलियाजरदादांनी ते दोन बोटांत धरलं होतं,
मेलेला उंदीर धरतात तसं.
मुखपृष्ठावर पंखांची सांडणी,
पाठीवर अनवाणी मुलगी.

मे महिना. नवापुरातली वीज नऊला गेली.
मानेवर ओला टॉवेल, उशीला टेकवलेली बॅटरी,
आणि मी त्या मुलीमागे सात डोंगर चढले.
खोटं कशाला बोलू, मजा आली.
कोडी घालणारी वटवाघळं, मिठाचं शहर,
आणि सातव्या डोंगरावर तो दरवाजा,
ज्याच्याआड आभाळाचा राजा राहतो म्हणून
माणसं पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून चाललेली.
मुलगी दार ढकलते.
आत कुणी नाही.
खुंटीवर एक अंगरखा, कसर लागलेला.
ती हसते. खाली येऊन सगळ्यांना सांगते,
माना वर करा.
समाप्त.

पुस्तक तिर्साचं. मावशीने सुरतेहून आणलेलं.
रविवारी उपासनेनंतर मी विचारलं,
काय आवडलं गं यातलं?
मला वाटलं सांडणी म्हणेल.
ती चपलेचा अंगठा ओढत राहिली.
‘त्यात तिचा भाऊ मरतो ना बाई,
तेव्हा कुणीच म्हणत नाही,
देवाला तो जास्त आवडला होता म्हणून.’

योएल वसावे. वय नऊ. सिकलसेल.
तीन रात्री त्याच्या हाडांत
कुणीतरी खिळे ठोकत होतं.
चौथ्या दिवशी कबरीशी
ते वाक्य बोलणारी मीच.
मुठीत माती होती,
आणि काहीतरी बोलायला हवं होतं.

पुस्तक पुन्हा उघडलं.
लेखका, तू कोण कुठला मला ठाऊक नाही,
पण ज्याला तू डोंगरावरून घालवलंस
त्याला मी ओळखते.
आम्हीच बसवला होता तो तिथे.
आवडली लेकरं उचलून नेणारा,
शोकसभेला सोयीचा.
त्याच्यावर माझाही विश्वास नाही.
त्याचा अंगरखा जाळायला मीही काडी देईन.

पण तुझी मुलगी फार लवकर खाली आली.
रिकामी खोली आमच्याकडेही आहे रे.
तिथेही बाया पहाटे गेल्या,
तिथेही आत कुणी नव्हतं, नुसती वस्त्रं.
बाकीचे परतले.
एक दाराशी रडत थांबली,
आणि ज्याला ती माळी समजली
त्याने तिला नावाने हाक मारली.
त्याच्या हातांत भोकं होती.
तोही ओरडला होता, का सोडलंस म्हणून,
आणि वरून उत्तर आलं नव्हतं.
एवढंच आहे माझ्याकडे. पुरावा नाही.

बैठकीत मी म्हटलं, कपाटात ठेवा.
‘आणि शेवटाचं काय?’ एलियाजरदादा.
म्हटलं, शेवट कच्चा आहे, पण प्रश्न खरा आहे.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग त्यांनीच वर्तमानपत्राचं कव्हर घातलं,
सांडणी दिसू नये म्हणून.

मावशीला घ्यायला आम्ही स्टेशनवर गेलो,
तिर्सा आणि मी.
त्या बाकावर बसलो, ज्याच्या मधून हद्द जाते.
ती गुजरातेत, मी महाराष्ट्रात,
मधे कागदात कैरी आणि तिखटमीठ.
मी म्हटलं, ते वाक्य चुकलं माझं.
ती कैरी चोखत राहिली.
मग म्हणाली, ‘तेव्हा तो कुठे होता, बाई?’
मला एकही वचन आठवलं नाही.
म्हटलं, डोंगरावर नव्हता.
खाटेशी असावा. मला दिसला नाही.

‘मलापण नाही,’ ती म्हणाली,
आणि उरलेली मोठी फोड
हद्दीपलीकडून माझ्याकडे सरकवली.
गाडी दीड तास उशिरा होती.