करवती काठ

मे महिना. कूलरचं पाणी दुपारीच आटलं.
गोळीबार चौकातून सायकलीवर आले सुखदेव पराते.
साडी पेपरात, पेपर पन्नीत, पन्नी दुपट्ट्यात.
"फोटो काढून द्या बाई. पोरगी पुन्याले आहे,
मोबाइलवर गिऱ्हाइकाले दाखवून राहिली."

कोशाची साडी. काठाला करवतीचे दात,
एकेक दात हातानं बसवलेला.
साडीबिडीला मी जेपेगच काढते.
हलकी फाइल, लगेच जाते, कोणी तक्रार करत नाही.

पराते स्क्रीनपाशी वाकले, नाक टेकेल इतके.
"दात बोथटले."
मोठं करून दाखवलं. खरंच,
कडेला धुरकट डाग, आणि कोशाचा तो मधाळ रंग
पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेला.
सांगितलं मी: आठ बाय आठचा चौकोन घेते मशीन,
चार घरांत रंग एकच वाटते,
डोळ्याला कळणार नाही ते सोडून देते.

"कोनाच्या डोयाले?"

मी मेनूत शिरले. रॉ.
एकेक फाइल तीस एमबी, कार्ड कुरकुरलं.
फोटो आला तो फिका, मरगळलेला, जणू दुसऱ्याच साडीचा.
मला वाटलं, आता चिडतील.
तर म्हणाले, "हे बरोबर. कोरं आहे.
धुतलं नाही अजून, पन धागा पुरा आहे."

(माझ्या लग्नाचे फोटो सगळे जेपेग,
तीनदा उघडून तीनदा सेव्ह केलेले.
नवऱ्याची शेरवानी मोरपंखी होती की नुसती निळी,
मी विसरले की फाइल विसरली, आता कळत नाही.)

संध्याकाळपर्यंत बसलो. सावली उचलली,
कोशाला त्याचा रंग दिला, ते म्हणतील तिथं थांबले.
टिफ करून ठेवली. शेवटी पोरीसाठी
एक जेपेग, एकदाच, बारीक कमी करून.
ती गेलीसुद्धा, निळ्या दोन टिकांसह.

"आता ते कोरं द्या."
घरात कॉम्प्युटर आहे का? नाही.
मग बघाल कशात?
"पाहाले कायले? असू द्या.
कोनी म्हटलं ना, असं नव्हतंच, तर."

पेनड्राइव्ह त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाला बांधला,
गाठ मारली, ओढून पाहिली,
पुन्हा एक मारली.