चाळीस शेअरांची मालकीण

दर तीन महिन्यांनी, बहुधा गुरुवारी, चार वाजता
कंपनीची मोठी माणसं फोनवर येतात.
कुणीही ऐकावं. मी ऐकते.
दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
पंखा बंद करून, कुकर तसाच ओट्यावर ठेवून.
हेडफोन भाच्याने दिलेला, कापसासारखा हलका.
जुन्याने कानामागे घट्टा पाडला होता,
तो अजून आहे.

रावपुऱ्याच्या एक्स्चेंजात एकतीस वर्षं.
ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग.
ऐकायचं नाही असा नियम,
आणि लाइन जोडली गेली का, हे बघायला
ऐकावंच लागायचं.
तेवढ्या अर्ध्या श्वासात कळायचं
पलीकडे बारसं आहे की दहावा,
सुरतेचा कापडवाला भाव खरा सांगतोय
की चार पैसे राखून.
कुणाला सांगितलं नाही कधी.
सांगितलं असतं तर अर्ध्या बडोद्याची लग्नं मोडली असती.

तर परवा मुंबईच्या एका पोराने विचारलं,
सर, सावलीच्या जमिनीवर काय उभं राहणार?
आणि साहेब थांबले.
तीन सेकंद. बोटांवर मोजले मी.
मग म्हणाले, सध्या सांगण्यासारखं काही नाही.

सध्या.

त्या तीन सेकंदांत कुणीतरी माउथपीसवर तळहात ठेवला होता.
तो आवाज मी ओळखते,
खोलीवर गोधडी टाकल्यासारखा.

मंगळवारी एसटीने सावलीला गेले.
कंपाउंडची भिंत, नवी. आत एरंड माजलेला, दोन मोर.
एक ट्रान्सफॉर्मर मात्र केवढा!
दोन मोरांना एवढी वीज कशाला?
वॉचमन दाहोदकडचा, डबा खात होता.
‘अहीं कशुं नथी, बा,’ म्हणाला,
आणि पाणी दिलं.
बाटलीवर कंपनीचं नाव नव्हतं. तेही मी टिपून ठेवलं.

कंपनी विजेच्या मीटरात बसणारी चिप करते
असं पिनाकिनभाई म्हणतात,
आणि तेही छातीठोकपणे नाही.
पण अहवालाच्या एकशे चौदाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात,
‘ध्वनितंत्राच्या संशोधनासाठी’ म्हणून एक रक्कम आहे.
लहानशी. यांच्या पेन्शनीच्या फाइलीत
असायची तसली, कुणी न विचारणारी.
ध्वनी!
मी भिंग खाली ठेवलं आणि उठून दोन खोल्या फिरून आले.
कानाची यंत्रं करणार ते.
स्वस्त, बटणाएवढी.
वाडीपासून फतेगंजपर्यंत म्हातारे काय कमी आहेत?

‘हेमलताबेन, वेची नाखो,’ पिनाकिनभाई म्हणाले.
‘भाव आलाय तोवर विका. मोर बघून कुणी शेअर धरतं का?’
त्यांच्या टेबलावर शेवउसळीची प्लेट,
तर्रीचा एक थेंब माझ्या फॉर्मवर.

रात्री मात्र एक विचार आला, आणि गेला नाही.
डाव्या कानाने मला हल्ली कमी येतं.
दूधवाला दोनदा बेल वाजवून जातो.
गुरुवारी हेडफोन डाव्या बाजूनेच लावला होता, सवयीने,
उजवा हात लिहायला मोकळा हवा म्हणून.
मग ते तीन सेकंद
साहेब गप्प होते,
की ते काही बोलले आणि मला आलं नाही?

भाच्याला विचारता येईल. रेकॉर्डिंग असतं म्हणे.
अजून विचारलेलं नाही.

आम्ही म्हणायचो, होल्ड करा, लाइन लागतेय.
पिनाकिनभाईंच्या धंद्यातही तोच शब्द आहे.
लोक धरून बसायचे तासन् तास,
भुसावळ लागेपर्यंत, कधी न लागेपर्यंत,
आणि मधूनच विचारायचे, ताई, आहात ना?

आहे, म्हणायचे मी.

चाळीस शेअर. लाभांश आला छप्पन्न रुपये.
त्यात सावलीचं जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा निघालं नाही.
पुढचा कॉल पावसाळा सरताना.
या खेपेला उजव्या कानाने ऐकणार आहे,
डाव्या हाताने लिहायचा सराव चालू आहे.
अक्षर किरटं येतं. सावलीचा ‘स’ तेवढा जमतो.