उपाशीपोटी

सेगेडच्या इस्पितळात सकाळी सातला
तो बाकावर बसलेला, टोपी मांडीवर.
"काही खाल्लंय?" मी नेहमीचं विचारते.
"कालपासून नाही." मग जरा थांबून,
"तसं एतेल्का गेल्यापासून नाहीच.
उभ्याउभ्या काहीतरी ढकलतो."
अर्जावर याला रकाना नाही.
मी लिहिते : उपाशी, बारा तास.

शीर लगेच सापडते.
बेचाळीस वर्षं ट्राम हाकलेला हात.
नळी भरते, मी ती चंदेरी कागदात गुंडाळते
आणि कोर्पाश वेंडेलचा होतो एकशे सतरा.

"एवढ्याशा रक्तात काय शोधता?"
ट्रिप्टोफॅन, मी सांगते. अंड्यात असतं, चक्क्यात,
भोपळ्याच्या बियांत.
त्यातल्या चिमूटभराचं सेरोटोनिन होतं,
बाकीचं बहुतेक दुसऱ्या वाटेला लागतं, कायन्युरेनिनच्या.
अंगात दाह असला, जीव फार दिवस ताणलेला असला,
तर त्या वाटेवरची वर्दळ वाढते म्हणतात.
आम्ही दोन्ही मोजतो, एकाला दुसऱ्याने भागतो.

"म्हणजे सांधा," तो म्हणतो.
"धुक्यात एकदा चुकला होता माझा.
गाडी झकास चालली होती. वीज होती, घंटा वाजत होती.
फक्त थांब्यांवर ओळखीचं कुणी नव्हतं."

दुपारी त्याचं रक्त यंत्रातून जातं.
अतिनील उजेडात ट्रिप्टोफॅन आपणहून चमकतं,
पडद्यावर त्याची टेकडी उठते.
एकशे सतराची बुटकी.
पण एकशे अठराचीही बुटकीच, आणि ती पोरगी
शीळ घालत सायकलवर बसून गेली.
डॉक्टर इल्दिको म्हणतात, अजून दोनशे नमुने हवेत,
एका आकड्याला कुणाचं दुःख टांगू नका.
मी टांगत नाही.
उरलेलं उणे ऐंशीच्या कपाटात ठेवते,
दार लावते, हात चोळते.

शिकताना पाठ केलेलं एक वाक्य मात्र
आज दिवसभर जिभेवर आहे :
हे शरीराला स्वतः घडवता येत नाही,
बाहेरून यावं लागतं.

सुई काढल्यावर आम्ही प्रत्येकाला
एक खारा पाव देतो, कागदात बांधलेला.
त्याने तो कोटाच्या खिशात घातला,
टोपी चढवली, उठला.
बसा, मी म्हणाले. इथेच. बसून खा.
दाराबाहेर चौघं खोळंबले होते.
त्याने टोपी काढली.