माणशी वीतभर वाळू

किल्ली घे, युरानी. जड आहे, दोन्ही हातांनी धर.
त्या त्रिकोणी खाचेतून पाणी सांडतं ना,
तिथे खिळ्याने रेघ मारून ठेवलीय मी.
पाणी रेघेला टेकलं की हात काढून घ्यायचा.

तासाला एक मूठ. एवढीच या पाण्याची चाल.
तुझी मूठ नको, माझी. तुझी अजून लहान आहे.
वर छातीइतकं पाणी उभं असतं,
त्याला वाळूला टेकायलाच दहा तास लागतात,
मग आत, दाण्यादाण्याला वळसा घालत, आणखी तीन.
पहाटे ओढ्यातून आलेलं पाणी
दिवेलागणीआधी बाहेर पडत नाही.
गोगलगायसुद्धा त्याला वाट सोड म्हणेल.

वरची ती तपकिरी साय पाहिलीस?
काम तिचं. वाळू नुसती तिला धरून असते.
तिच्यात काय काय जगतं ते मला विचारू नकोस,
मी चौथीपर्यंत शिकले.
एवढं कळतं, की त्यांना जेवायला वेळ लागतो
आणि मागे कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नाही.

पैसे डॉन हेर्मोहेनेसकडे होते.
तो म्हणाला, एकच हौद बांधू,
पाणी दुप्पट पळवू,
उरलेलं सिमेंट चर्चच्या पायऱ्यांना.

इंजिनियर ओडिलिया पोपायानहून आली होती, खेचरावर.
तिने नकाशाची गुंडाळी सोडलीच नाही.
काठीने मातीत चौकोन काढला,
वीतभर लांब, वीतभर रुंद.
म्हणाली, हा एक माणूस.
दिवसाचे एकशेवीस लिटर, म्हणजे तासाचे पाच,
ते मुठीच्या चालीने खाली जायला एवढी वाळू लागते.
आता माणसं मोजा. आजची नव्हे, वीस वर्षांनंतरची.

त्या डोंगरात तोवर आम्हाला
पुढच्या रविवारचंही कुणी विचारलं नव्हतं.

फिदेलिनाने एप्रनच्या खिशातून मका काढला,
घरागणिक दाणे ठेवत गेली.
लुस दारीला दिवस होते, तिचे दोन.
कालीला कामाला गेलेल्या पोरींचा अर्धा अर्धा,
मग दाणा तुटेना, म्हणून पुरा.
शेवटी स्वतःचं घर:
ती, नवरा, आणि आर्नोबी.

आर्नोबीला ट्रकमधून उतरवून नेलं
त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.
हेर्मोहेनेस टोपीची कड चाचपत राहिला.
ओडिलियाने दाणे मोजले,
एकही न उचलता. सहाशे.

म्हणून हे दोन हौद, पंधरा पंधरा चौरस मीटरचे.
एक खरवडायला बंद केला
की दुसऱ्यावर सगळं गाव,
मुठीच्या जागी वीत.
सोसतं त्याला, पण थोडेच दिवस.

जत्रेच्या वर्षी कुणी तरी रात्री व्हॉल्व्ह पुरता उघडला.
नाव कशाला, तुझाच काका तो.
नळांना धो धो पाणी, सगळे खूश,
आणि पाचव्या दिवशी शाळेतली अकरा मुलं
पोट धरून.
हे कुलूप तेव्हाचं.

खरवडताना फावडं आडवं धर, पेरभर, खोल नाही.
मग साय धरेपर्यंत त्या हौदाचं पाणी ओढ्यात सोड.
लोक शिव्या देतील. खा.

फिदेलिना दर खेपेला विचारायची,
आर्नोबीची वाळू कुठली?
मी डाव्या कोपऱ्यातली कुठलीही दाखवायचे,
ती कठड्यावरून वाकून बघत राहायची.
तशी वाटणी नसते, तुला ठाऊक आहे.
त्याचे तासाचे पाच लिटर सहाशेतले बाकीचे पितात,
मीही, आत्ता तूही.

ती गेली गेल्या मार्चमध्ये.
कोपऱ्यात फावडं जरा हळू चालतं माझं.
तुझं चालायलाच हवं असं नाही.

चल, दुसरा व्हॉल्व्ह दाखवते.