डाव्या पायाचा हिशेब

चोवीस वर्षं परळीच्या औष्णिक केंद्रात
मी काट्यांसमोर बसलो.
लोड चढला, लोड पडला,
फोन उचलायचा, आकडा सांगायचा, रजिस्टरात लिहायचा.
दोनशे दहा मेगावॅट हा माझ्यासाठी एक आवाज होता,
फरशीतून टाचेत चढणारा.

आणि आज पहाटे साडेपाचला
हँडलवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर
माझं स्वतःचं उत्पादन:
एकशे अठरा.
मेगा नाही. नुसते.
एक पंखा, दोन बल्ब, कुणाचा तरी मोबाईल चार्जिंगला,
तेही मी पाय थांबवले नाहीत तर.

मीटर सेकंडहँड, लातूरच्या बस्वराज होनरावकडचा.
डाव्या क्रँकला आतून चिकटलेली काळी डबी.
तो म्हणाला, निघण्याआधी रोज शून्य करून घ्या.
पहिला महिना आकड्याशी भांडू नका, नुसतं बघा.
मग एकदा वीस मिनिटं जीव काढून चालवा,
येईल त्यातले शंभराला पाच सोडा, उरेल ती तुमची हद्द.
"पाच कुणाला सोडायचे?"
"कमिशन समजा," तो हसला,
"तासभर टिकायचं तर द्यावंच लागतं."

ती वीस मिनिटं कन्हेरवाडीच्या पुढच्या चढावर गेली.
पहिल्या चारात मी जवान होतो. दोनशे चाळीस!
आठव्या मिनिटाला तोंडात लोखंडाची चव,
बाराव्याला उसाची ट्रॉली शेजारून गेली,
पाचट उडून ओठाला चिकटलं, काढायला हात उचलेना.
सतराव्याला काय झालं ते आठवत नाही.
सरासरी एकशे चौऱ्याऐंशी, कमिशन वजा जाता
एकशे पंचाहत्तर.
घरी येऊन रजिस्टरात लिहिलं. तारीख, वेळ, लोड.
शेऱ्यात: वारा समोरून.

तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस
मला हळू चालवायचं असतं.
एकशे तीसच्या वर जायचं नाही.
हे कुणाला सांगावं?
दुधाचा मोतीराम दोन कॅन लटकवून
खडखडत माझ्या पुढे निघतो, मान वळवून विचारतो,
"कामून हळू चालवायलाव साहेब? पंचर हाय का?"
पाय शिवशिवतात. एकशे एकोणपन्नास.
सोडतो. एकशे बावीस.
त्याच्या सायकलीला घंटीसुद्धा नाही.

मग परवा बस्वराज फोनवर सहज बोलून गेला:
हा मीटर एकट्या डाव्या पायाचं मोजतो
आणि दुप्पट करून दाखवतो.
उजवा डाव्यासारखाच असणार, असं धरून.

माझा उजवा पाय
राखेच्या विभागातल्या जिन्यावरून गेला होता, रात्रपाळीत.
आत सळई आहे. थंडीत ती माझ्याआधी जागी होते.
नोकरीत एक आकडा मी खोटा लिहिला नाही,
साहेब मागे उभे असतानाही,
आणि आता रोज सकाळी
एक पाय दुसऱ्याच्या नावावर सही करतो.

कुमुदिनी म्हणाली, उजव्यालाही घ्या की एक.
किंमत ऐकून गप्प झाली.
पोळी तव्यावर फुगेपर्यंत गप्प.
मग म्हणाली, "आणि कळून काय करणार त्याला?"

आज गिरवलीच्या अलीकडे, सपाटीवर,
मी डावा पाय पायडलवरून काढला,
बाजूला लटकू दिला, लहानपणी भाड्याच्या सायकलीवर सोडायचो तसा.
एकट्या उजव्याने दाबलं. कुरकुरला.
वर येताना अडकला, कुठेतरी मेलेला कोपरा आहे तिथे,
तो ओलांडून पुन्हा खाली गेला.
पुन्हा.

पडद्यावर शून्य.
मागे चिमण्या, धूर नसलेल्या.
टायरखाली खडी वाजत होती, बाभळी एकेक करून मागे जात होत्या,
पडद्यावर शून्यच.

मागून कॅनचा खडखडाट आला.
बराच वेळ मागेच राहिला.