कोमट

बेलिसारियो ओयार्सूननं गाडी ढकलत आणली नाही,
चालवत आणली. दुखणं तेच होतं.
गाडी चालत होती, फक्त तापत नव्हती.
"नेवेन्का, सामुद्रधुनी ओलांडल्यापासून
काटा तळाशीच पडून आहे. पेट्रोल मात्र ढोसते."

मी काट्यावर विश्वास ठेवत नाही.
काटा म्हणजे शेजारणीनं आणलेली बातमी.
आधी आपण जाऊन हात लावून बघावं.

पोर्वेनीरचा वारा गॅरेजचा पत्रा वाजवत होता.
इंजिन सुरू केलं, वरच्या होजवर तळहात ठेवला.
धडधाकट गाडीची ही नळी बराच वेळ गार राहते.
पाणी आतल्या आत घुमतं, रेडिएटरला पत्ता नसतो,
मग दार उघडतं,
आणि नळी एकदम चटका देते.
इथे पहिल्या मिनिटापासून कोमट.
दहाव्या मिनिटालाही कोमट.
या पाण्याला कुणी थांब म्हणालंच नव्हतं.

प्लग काढला: काजळी,
चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला असते तशी.
तेलाचं झाकण उलटं केलं, तर आत पिवळट साय.
ओयार्सूनचा चेहरा उतरला. "हेड गेलं?"
नाही रे. गास्केट गेलं असतं तर पाणी घटलं असतं.
पाणी काठोकाठ आहे.
ओलावा उडून जावा इतकं हे तेल
कधी तापलंच नाही, एवढंच.

"भावाची गाडी," तो म्हणाला.
"फेर्मीन. कालामाला खाणीत होता."
होता म्हणताना त्यानं हातमोजे काढले,
बघितले, परत घातले.

थर्मोस्टॅटच्या घरावर दोन बोल्ट.
एकाच्या डोक्याच्या कडा झिजून गोल झालेल्या,
कुणीतरी रस्त्याकडेला, चुकीच्या पान्यानं,
रागारागानं फिरवलेला.
झाकण उचललं.
थर्मोस्टॅट अडकला नव्हता,
मोडला नव्हता.
नव्हताच.
रबरी रिंग तेवढी जागेवर, पुसून नीट बसवलेली.

ओयार्सून वाकून त्या भोकात बघत राहिला.
मग त्याला फोन आठवला, तीन वर्षांपूर्वीचा:
खाणीच्या चढावर, ट्रकांच्या मागे रांगताना
गाडी एकदा वाफ ओकली होती, मांडी भाजली होती.
"दारच उपटून फेकलं, आता तापून दाखव म्हणावं!"
आणि फेर्मीन खूप हसला होता.
तिथे ते खपलं असेल.
त्या उन्हाला कोण विचारतं.

नवा भाग पुंता आरेनासहून यायला सहा दिवस लागले,
दोन दिवस फेरी सुटलीच नाही.
नवा आहे म्हणून खरा मानायचा नाही.
झडपेत दोरा चिमटवला, पातेल्यात लटकवला,
शेजारी थर्मामीटर, खाली गॅस बारीक.
ओयार्सून मातेचा पेला हातात धरून उभा,
प्यायचं विसरून.
सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी.
एक्याऐंशीला काही नाही.
ब्याऐंशीला झडपेनं दोरा सोडला,
टप्पकन तळाशी.
तो दचकला. मीही, दरवेळी दचकते.

संध्याकाळी खाडीपर्यंत चक्कर मारून आलो.
काटा उठला, मध्यावर गेला, तिथेच उभा राहिला,
वाऱ्यात काहीच तसं उभं राहात नाही इथे.

आमच्याकडे रीत आहे:
काढलेला जुना भाग पिशवीत घालून
गिऱ्हाइकाला परत द्यायचा, शंका नको.
पिशवी उघडून बसले, आणि परत द्यायचं काय?
शेवटी तो झिजलेला बोल्ट टाकला.
ओयार्सूननं पिशवी न उघडता
बाहेरूनच बोटांनी चाचपला,
बराच वेळ, कडा शोधत असावा.

पाचशे किलोमीटर झाले की ये, म्हटलं,
तेल पुन्हा बदलू.
ती साय एका खेपेला जात नाही.